बोटाला लागणारा कायदा

खिशात वीस रुपयांचं नाणं असेल तर काढा. सोबत दहाचंही काढा, मात्र 2019 मध्ये आलेल्या नव्या मालिकेतलं. आता डोळे मिटा, दोन्ही नाणी मुठीत खुळखुळवा आणि सांगा, वीसचं कोणतं?

दोन्हींचा व्यास सारखाच, 27 मिलिमीटर. दोन्हींत बाहेर एका धातूची कडी आणि आत दुसऱ्या धातूची चकती. मग ओळखायचं कसं? अंगठा कडेवरून फिरवा. दहाच्या कडेला बारीक दाते लागतील. वीसच्या कडेला दाते नाहीत, पण अंगठा मधेच एका कोपऱ्याशी अडखळेल, पुढे सरकला की पुन्हा अडखळेल. मोजत गेलात तर असे बारा कोपरे भरतील. शेंगा चटणीची पुडी घेताना माझ्या हातून हे नाणं कितीदा तरी गेलं असेल. ते कोपरे कुणाच्या बोटांसाठी आहेत हे कळलं, त्या दिवशी मात्र मी ते खर्च न करता घरी घेऊन आले आणि रात्रभर उशाशी ठेवलं.

ही मालिका 7 मार्च 2019 रोजी आली. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइननं ती घडवताना ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा विचार आधी केला. नियम अगदी सोपा: किंमत वाढत जाईल तसा आकार आणि वजन वाढत जाईल. एक रुपया 20 मिलिमीटर, दोन रुपये 23, पाच रुपये 25, दहा रुपये 27. आणि वीसला आकार वाढवण्याऐवजी बारा कोपरे. यात विशेष ते काय, असं वाटलं? मग त्याआधीची, 2011 ची मालिका बघा. तिच्यात दोनचं नाणं 25 मिलिमीटरचं होतं आणि पाचचं 23! रुंदीवर विसंबावं तर हमखास फसगत. आपल्याला याचा पत्ताही लागला नाही, कारण आपण नाणं वाचतो. जो चाचपतो, त्याला प्रत्येक सुट्ट्या पैशापाशी थबकावं लागत होतं.

नोटांवरही असंच काहीतरी दडलंय. शंभरच्या नव्या नोटेच्या डाव्या-उजव्या कडेला चार तिरक्या रेघा आहेत, पाचशेच्या नोटेला पाच. दोनशेला चार रेघा आणि त्यांच्यामध्ये दोन गोल. नख हलकेच घासून बघा. नोट कोरी असेल तर रेघा चांगल्याच जाणवतात, दहा हातांतून गेली की झिजून सपाट होतात. नोटा-नाणी ओळखता येत नाहीत म्हणून मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेनं थेट मुंबई उच्च न्यायालय गाठलं होतं. आज रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ नावाचं अ‍ॅप आहे. मोबाइलचा कॅमेरा नोटेवर धरला की ते नोट किती रुपयांची ते बोलून सांगतं. ते 1 जानेवारी 2020 पासून मिळतंय.

पण बोटाला एवढं बारीक कळतं तरी कसं? घरातल्या घरात एक प्रयोग करा. काड्यापेटीतल्या दोन काड्या घ्या, त्यांची टोकं एकमेकांपासून बोटभर अंतरावर धरा आणि कुणाच्या तरी पाठीला हलकेच टेकवा. विचारा, किती काड्या आहेत? उत्तर येईल, एक! पाठीवर दोन टोचण्या वेगवेगळ्या कळायला त्यांच्यात जवळपास चार सेंटिमीटरचं अंतर लागतं. आता त्याच काड्या तर्जनीच्या टोकाला लावा. दोन-तीन मिलिमीटर अंतर असलं तरी लगेच कळेल, दोन आहेत. तुमच्या बोटाच्या टोकाशी पाठीपेक्षा कितीतरी जास्त जाग आहे.

आता ब्रेलचं माप ऐका. एका अक्षरातल्या दोन टिंबांमधलं अंतर साधारण अडीच मिलिमीटर. म्हणजे बोटाच्या टोकाला दोन टिंबं वेगळी जाणवण्याची जी सीमा, तिला अगदी चिकटून! ही टिंबांची लिपी शोधणारा पंधरा वर्षांचा मुलगा होता.

लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना, घोड्यांचं सामान शिवणाऱ्या वडिलांच्या कारखान्यात खेळत होता. चामड्याला भोक पाडायची आरी त्याच्या डोळ्यात गेली. पुढे दुसरा डोळाही गेला. त्या काळी शार्ल बार्बिए नावाच्या लष्करी माणसानं अंधारात वाचता येईल अशी बारा टिंबांची लिपी केली होती. लुईला तिचा दोष बरोबर सापडला: बारा टिंबं एका बोटाखाली मावत नाहीत, एकेका अक्षरासाठी बोट वर-खाली न्यावं लागतं. त्यानं बाराची सहा केली. अख्खं अक्षर एका स्पर्शात! वर्ष होतं 1824. आणि कागदावर ती टिंबं उठवायचं हत्यार कसं असतं? लाकडी मुठीचं, टोकदार, थेट त्या आरीसारखं.

सहा टिंबं, प्रत्येक उठलेलं किंवा सपाट. एवढ्यातून 63 खुणा होतात. सोलापूरच्या माणसाला हे पटकन समजावं. आपल्या चादरीवरचा मोर येतो कुठून? जॅकार्ड मागाच्या डोक्यावरून फिरणाऱ्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेतून. भोक असलं की ताण्याचा धागा उचलला जातो, नसलं की खाली राहतो. बास, एवढंच! भोक आहे किंवा नाही, यातून पिसारा विणला जातो. टिंब आहे किंवा नाही, यातून ज्ञानेश्वरीही वाचता येते. जॅकार्डनं आपला माग फ्रान्समध्ये 1804 साली आणला, ब्रेलनं आपली लिपी त्याच देशात वीस वर्षांनी केली.

आणि आता माझ्या लेखी सगळ्यात मोठं नवल. सोलापुरात एका गल्लीत चार भाषा नांदतात. दुकानाची पाटी मराठीत, शेजारच्या विणकराच्या घरात तेलुगू, पलीकडे कन्नड, कोपऱ्यावर उर्दू. चार भाषा, चार लिप्या. मराठी शाळेत शिकलेल्याला शेजाऱ्याच्या तेलुगू पंचांगातला एक ‘क’ ओळखता येत नाही. पण ब्रेलमध्ये? ‘क’ म्हणजे डाव्या रांगेतलं वरचं आणि खालचं टिंब. मराठीतला ‘क’ असा. कन्नडमधला ‘क’ असाच. तेलुगूतलाही, उर्दूतलाही. ‘कमल’ हा शब्द ब्रेलमध्ये लिहा: तीन घरं, क-म-ल. मराठी मुलगी तो बोटानं वाचेल, कन्नड मुलगी वाचेल, तेलुगू मुलगीही वाचेल, आणि तिघींच्या बोटांखाली तोच कागद असेल!

हे आपोआप घडलेलं नाही. एके काळी भारतात ब्रेलच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या. एका शाळेचं पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला निरुपयोगी. मग युनेस्कोच्या पुढाकारानं सगळ्या भारतीय भाषांना एकच टिंबं देणारी ‘भारती ब्रेल’ 1951 मध्ये ठरली. या कामात क्लुथा मॅकेन्झी यांचा मोठा हात होता. हे न्यूझीलंडचे गृहस्थ पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला लढताना अंध झाले आणि पुढे त्यांनी देहरादूनला अंध सैनिकांसाठी काम केलं. अक्षराचं रूप बाजूला ठेवा, उच्चार धरा, हे त्या पद्धतीचं सूत्र. म्हणून तर ‘कि’ लिहिताना आपण कागदावर वेलांटी आधी काढतो, ब्रेलमध्ये मात्र आधी ‘क’ येतो आणि मग ‘इ’. तोंडातून निघतो तसा!

एक गोष्ट मात्र इथेच ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. ‘क’च्या दोन टिंबांमधल्या रिकाम्या जागी तिसरं टिंब उठवलं की त्याचा ‘ल’ होतो. तेच तिसरं टिंब उजव्या रांगेत वर उठवलं तर ‘म’. अर्ध्या मिलिमीटर उंचीचा एक फुगवटा, आणि अक्षर बदललं.

7 मे 2024. सोलापूर लोकसभेचं मतदान. कडक ऊन. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्यावर मी निळं बटण दाबण्याआधी त्याच्या उजवीकडे बोट नेलं. होती, तिथे टिंबं होती! प्रत्येक उमेदवाराच्या बटणाशेजारी 1 ते 16 आकडे ब्रेलमध्ये उठवलेले असतात. इतकी वर्षं मतदान करून मला ते दिसलेच नव्हते. यंत्रावर नावं ब्रेलमध्ये नसतात, मग अंध मतदार काय करतो? मतदान केंद्रावर ब्रेलमधली नमुना मतपत्रिका असते. ती आधी वाचायची, आपल्या उमेदवाराचा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि यंत्रापाशी जाऊन तोच आकडा बोटानं शोधायचा. किती साधं! आणि त्यातून मिळतं काय? हवा असेल तर सोबती नेण्याची सोय नियमात आहे. पण सोबत्याला आपलं मत कळतं. मग तो नवरा असो, भाऊ असो की शेजारी. त्या इवल्या टिंबांमुळे एका बाईला आयुष्यात पहिल्यांदा घरच्यांच्या मनाविरुद्ध मत देता येतं आणि ते कुणालाही कळत नाही. गुप्त मतदान म्हणजे हेच ना?

आता असं बघा. नाणी पाडणारा कारखाना, यंत्रं बनवणारा कारखाना, बँक, रेल्वे, घर बांधणारा बिल्डर, अ‍ॅप लिहिणारी मुलं. या सगळ्यांना ‘सगळ्यांचा विचार करा’ असं सांगणार कोण? सद्भावनेवर सोडलं तर कुणी करेल, कुणी विसरेल. इथे कायदा येतो.

आपला पहिला कायदा 1995 चा. संसदेसमोर दिव्यांग माणसं येऊन बसली, त्यांच्यात व्हीलचेअरवरचे जावेद आबिदी पुढे होते, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा मंजूर झाला. रस्ते, इमारती, रेल्वे सुगम करा, असं त्यात लिहिलं होतं. पण सोबत काही शब्द बसले होते: आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत. संपलं! पैसे नाहीत म्हटलं की कायदा गप्प. जानेवारी 2001 मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले, तेव्हा कुतुबमिनारसारख्या वास्तूंपाशी तात्पुरते लाकडी रॅम्प उभे करावे लागले. जगाला विश्वाचा जन्म समजावून सांगणारा माणूस, आणि अडला कुठे, तर पायऱ्यांशी.

अमेरिकेतही फुकट काही मिळालं नव्हतं. 12 मार्च 1990 ला वॉशिंग्टनमध्ये कितीतरी माणसांनी आपल्या व्हीलचेअर, कुबड्या खाली ठेवल्या आणि संसद भवनाच्या पायऱ्या सरपटत चढून दाखवल्या. त्याच वर्षी जुलैत तिथला कायदा झाला.

मग आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला, एप्रिल 2017 पासून लागू झाला. आधीच्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, यात एकवीस. ते ‘कुवतीच्या मर्यादेत’ सुगमतेच्या कलमांतून गेलं. नवी इमारत नियमाप्रमाणे नसेल तर बांधकामाची परवानगीच मिळायची नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत, सेवा देणाऱ्यांना दोन वर्षांची. नियम जून 2017 मध्ये झाले, हिशेब तुम्हीच करा. आणि रोजच्या वापरातल्या वस्तू सगळ्यांना वापरता येतील अशा घडवायला प्रोत्साहन द्या, असंही त्यात लिहिलं आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले. ती मोजणी या एकवीसपेक्षा छोट्या यादीवर झाली होती.

दगड-विटांचं जग सोडून आता काचेच्या जगात चला. स्पर्शानं ओळखायचं म्हणता, तर मोबाइलच्या काचेवर काय चाचपणार? ती सगळीकडे सारखीच गुळगुळीत. तरीही अंध माणसं मोबाइल चालवतात, तेही आपल्याहून झरझर. कसं?

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची सोय आत्ताही झोपलेली आहे. ती चालू केली की फोन वागण्याची रीतच बदलतो. बोट एकदा टेकवलं की तिथे काय आहे ते तो बोलतो, दोनदा टकटक केली तरच उघडतो. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचतो. आता गंमत अशी, की फोनला चित्र दिसत नाही. पडद्यावर पाकिटाचं छानसं चित्र आहे, आपल्याला कळतं की इथे पैसे भरायचे. फोनला ते कळतं केव्हा? अ‍ॅप लिहिणाऱ्यानं त्या चित्रामागे, कुणालाही न दिसणाऱ्या जागी, ‘पैसे भरा’ असे दोन शब्द लिहून ठेवले असतील तेव्हा. नसतील तर फोन म्हणतो, ‘बटण’. पुढचंही ‘बटण’. त्याच्या पुढचंही ‘बटण’. आठ बटणं आणि आठही बिननावाची! एखाद्या वाड्यात शिरावं आणि प्रत्येक दारातून एकच आवाज यावा, ‘दार’. लिहायला दोन मिनिटं लागतात असे दोन शब्द. ते आहेत की नाहीत, यावर वीजबिल स्वतः भरायचं की शेजारच्या मुलाला पिन सांगायचा हे ठरतं.

मराठीच्या बाबतीत तर याहून चमत्कारिक प्रकार आहे. डीटीपीच्या दुकानात टाइप केलेलं मराठी पत्र तुम्ही संगणकावर बघता, अक्षरं सुबक, वळणदार. पण त्यातलं कितीतरी मराठी मुळात मराठी नसतंच! युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. ‘कृतिदेव’मध्ये टाइप केलेला ‘भारत’ घ्या. डोळ्याला दिसतो भारत. वाचणाऱ्या यंत्राला दिसतं एच, के, के, जे, आर. ते बिचारं जसं आहे तसं मोठ्यानं वाचतं, आणि ऐकणाऱ्याच्या कानात अर्थहीन बडबड पडते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, ‘भ’ हा पोटातही ‘भ’च असतो, म्हणून ते वाचता येतं. त्याहून वाईट म्हणजे सही-शिक्क्याचं पत्र स्कॅन करून चढवणं. तो नुसता फोटो. वाचन यंत्र अशा पानासमोर मुकंच होतं. दिव्यांगांच्या योजनेची माहितीच अशा पानावर असली तर? मला असं पान प्रत्यक्ष मिळालं आहे, म्हणून विचारते.

2016 च्या कायद्यात माहिती-तंत्रज्ञानासाठी वेगळं कलम आहे. 2023 मध्ये भारतीय मानक 17802 त्याच्या नियमांत आलं. दिसायला रुक्ष आकडा, पण बटणामागे नाव हवं, पानाला वाचता येणारी अक्षरं हवीत, हे सगळं तिथे येतं.

आणि मग डोळा मिचकावण्याची गोष्ट. बँकेचं खातं मोबाइलवरून उघडताना कॅमेरा तुमच्या चेहऱ्याकडे बघतो आणि सांगतो, डोळे मिटा, उघडा. का? समोर जिवंत माणूस आहे की कुणी त्याचा फोटो धरलाय, हे त्याला ठरवायचं असतं. फोटो डोळा मिचकावत नाही. कल्पना झकास आहे! पण ज्यांच्या चेहऱ्यावर ॲसिड फेकलं गेलं, ज्यांच्या पापण्याच मिटत नाहीत, त्यांचं काय? यंत्राच्या लेखी त्या बाईचा जिवंतपणा सिद्ध होत नाही. ती समोर उभी आहे, बोलते आहे, आणि तरी सिद्ध होत नाही. प्रज्ञा प्रसून आणि इतर ॲसिडहल्लाग्रस्त स्त्रिया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अमर जैन हे अंध वकीलही आपली वेगळी याचिका घेऊन गेले. 30 एप्रिल 2025 ला निकाल आला. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे घटनेच्या 21 व्या कलमाचा भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं आणि वीस निर्देश दिले. जिवंतपणा ताडण्याचे दुसरे मार्ग ठेवा, हा त्यांतला एक. पापणीच्या एका हालचालीपासून निघालेला प्रश्न थेट घटनेपर्यंत पोचला.

युरोपातही त्याच सुमारास, 28 जून 2025 पासून, सुगमतेचा मोठा कायदा लागू झाला: एटीएम, ई-पुस्तकं, तिकिटाची यंत्रं, इंटरनेटवरची दुकानं. सोलापूरचा टॉवेल युरोपात जातो. तिथल्या ग्राहकाला आपल्या संकेतस्थळावरून थेट विकायचा असेल, तर अगदी छोटा व्यवसाय सोडला, तर हा कायदा लागू होईल. टॉवेलला नव्हे, टॉवेल विकणाऱ्या पानाला! टॉवेलच्या प्रत्येक फोटोमागे ‘पांढरा, निळ्या काठाचा’ असे शब्द हवेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणलेल्या मऊ फाशांची हकिगत दूर कुठेतरी कुणी कानांनी वाचेल.

आता मघाचं ते टिंब आठवा, ज्यानं ‘क’चा ‘ल’ होतो. कायद्यातही असंच असतं. इमारतीचं दार किती रुंद, उतार किती, कठडा किती उंच, याची मार्गदर्शक पुस्तकं सरकारनं काढली होती आणि नियमांतला पंधरावा नियम त्यांच्याकडे बोट दाखवत होता. पण आत भाषा कसली? ‘असावे’, ‘करता येईल’, ‘इष्ट’. वाचणारा म्हणणार, असावं म्हणजे असलं तर बरं. राजीव रतुडी या दृष्टिहीन कार्यकर्त्यांनी 2005 मध्ये याचिका केली होती. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूळ कायद्यात सक्ती आहे आणि नियमात नुसती शिफारस, म्हणून हा पंधरावा नियम कायद्याच्या विरुद्ध जातो. हैदराबादच्या नॅलसार विद्यापीठाच्या अभ्यास केंद्रानं अहवाल दिला होता, त्याचा यात मोठा उपयोग झाला. न्यायालयानं सरकारला तीन महिने दिले: ज्यात तडजोड होणार नाही, अशा किमान गोष्टी वेगळ्या काढा आणि सक्तीच्या करा. मराठी व्याकरणात सांगायचं तर ‘असावे’ खोडून ‘असलेच पाहिजे’ लिहा. एकोणीस वर्षं चाललेली लढाई एका क्रियापदाची!

‘असलेच पाहिजे’ म्हटलं की मोजपट्टी लागतेच. म्हणून मी एका सकाळी आमच्या भागातल्या एका कचेरीपाशी टेप घेऊन गेले. दाराशी तीन पायऱ्या, प्रत्येकी 15 सेंटिमीटर. एकूण चढ 45. बाजूला सिमेंटचा रॅम्प आहे, वर निळी खूणही रंगवली आहे. बघणाऱ्याला वाटेल, सोय झाली. त्याची लांबी भरली दीड मीटर.

रॅम्पचा नियम एकास बारा. एक सेंटिमीटर चढायचं तर बारा सेंटिमीटर लांबी. बाराच का? हिशेब करू. माणूस आणि व्हीलचेअर मिळून 80 किलो धरा. एकास बाराच्या उतारावर मागे खेचणारा भार साडेसहा किलोच्या आसपास येतो. हातांनी चाकं ढकलत एकट्यानं चढता येतं. या कचेरीच्या रॅम्पवर तोच भार 23 किलो होतो. ज्वारीची जवळपास पंचवीस किलोची पिशवी उचलून धरायला लागेल एवढा जोर बसल्या बसल्या चाकांवर लावत राहायचा, असं समजा. शिवाय पुढची चाकं उचलली जाऊन खुर्ची मागे उलटायची भीती. लांबी वाढवली की तोच चढ हलका होतो, वजन तेच, उंची तीच! पिरॅमिड बांधणाऱ्यांपासून ट्रकमध्ये ड्रम चढवणाऱ्या हमालापर्यंत सगळ्यांनी हीच युक्ती वापरली आहे.

तर 45 ला बारानं गुणा. 540 सेंटिमीटर. पाच मीटर चाळीस. वर दाराशी व्हीलचेअर वळायला दीड मीटरची सपाट जागा वेगळी.

‘काय मोजायलाव ताई?’ वॉचमनकाका जवळ आले. मी सांगितलं. त्यांना ते एकदम पटलं, कारण आठवड्यात दोन-तीनदा कुणाची तरी खुर्ची मागून ढकलायला तेच धावतात, आणि त्यांची कंबर धरलेली आहे. त्यांनी टेपचं टोक दारापुढच्या त्या सपाट जागेच्या कडेला घट्ट धरलं, मी दुसरं टोक घेऊन मागे मागे सरत गेले. उभ्या केलेल्या दुचाकी ओलांडल्या, कुंडी ओलांडली. पाच चाळीस भरले ते थेट कडुलिंबाच्या आळ्याशी.

‘म्हंजे हितनं?’ काकांनी तिथूनच ओरडून विचारलं.

‘हितनं,’ मी म्हटलं.

ते चालत आले, पायानं पाचोळा बाजूला सारला, विटेचा तुकडा उचलला आणि खाली वाकून फरशीवर एक जाड लाल रेघ ओढली.